पंचगंगेची पातळी वाढली की फोन वाजला पाहिजे, पण ॲप टाकायचं नाही. जमेल का?

शाडूवाला · १४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. शाहूपुरीत कुंभार गल्लीत आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं, पत्र्याचं एक शेड आणि राहत्या घरातल्या दोन खोल्या. बाबा, मी, धाकटा भाऊ आणि सीझनला दोन पोरं.

पावसाळ्यात आमच्याकडं सकाळी उठल्यावर चहाच्या आधी एकच प्रश्न, राजारामला, म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर, पाणी किती फुटावर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतंय. पण आम्हाला ३९ ची वाट बघून चालत नाही. जयंती नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबून उलटं फुगलं की ते मागच्या बाजूनं आमच्याकडं येतं. आणि तेव्हाच शेड गच्च भरलेलं असतं. शाडूची कच्ची मूर्ती पाण्यात दोन तास राहिली तर खाली नुसता चिखल उरतो. प्लास्टरची टिकते, पण तिचा तळ ओल धरतो, रंग सोडतो, आणि पुराची मूर्ती म्हटल्यावर गिऱ्हाईक हात लावत नाही.

२०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला त्याहून जास्त. २०१९ ला मी रात्री दोनपर्यंत फोनवर पातळीचं पान उघडून, खाली ओढून, परत उघडून बघत बसलो होतो. मग डोळा लागला. पाचला बाबांनी उठवलं तेव्हा उंबऱ्याला पाणी लागलं होतं. साठ मूर्ती गेल्या. त्यातल्या अकरांचे डोळे बाबांनी आदल्या दिवशीच आखले होते. आकडा बरोबर लक्षात आहे कारण बाबा अजून काढतात.

आता मुद्दा. पातळी सरकारी वेबसाइटवर असते, पण ती आपणहून सांगत नाही, आपण जाऊन बघायची. मला हवंय की ठरावीक फुटाला पाणी आलं की माझा फोन वाजावा. ॲप नको. माझा फोन ३२ जीबीचा, त्यात चार वर्षांचे मूर्तींचे फोटो, गिऱ्हाईक त्यावरूनच पसंत करतंय, ते पुसू शकत नाही. शिवाय मला एकट्याला नको, गल्लीतल्या सात-आठ घरांना पाहिजे. त्यात दोन काका असे आहेत की ॲप टाका म्हटलं की फोनच माझ्या हातात देतात.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप आहे हो. कुणी तेच सांगणार म्हणून आधीच लिहितो. दिवसाला तीनशे मेसेज, त्यात २०१९ चे फोटो "आत्ताचे" म्हणून, त्यात राधानगरी फुटल्याच्या आवया. मी तो म्यूट केलाय आणि बहुतेक सगळ्यांनीच केलाय.

---

मोबाइल_दवाखाना · १५ जून, सकाळी ९:०५

दादा, फोटो गूगल ड्राइव्हला टाकून जागा मोकळी करा हे सांगणार होतो, पण सात-आठ घरं म्हटल्यावर गप्प बसतो.

वेबसाइटवरून थेट नोटिफिकेशन येऊ शकतं. बातम्यांच्या साइटवर गेलं की वर विचारतात ना, सूचना पाठवू का, हो की नको? तेच. क्रोम तुमच्या फोनमध्ये आहेच, वेगळं काही टाकावं लागत नाही.

पण माझ्या दुकानात आठवड्याला चार-पाच फोन येतात, "व्हायरस आलाय" म्हणून. व्हायरस नसतो. कुठल्यातरी पिक्चरच्या नाहीतर निकालाच्या साइटवर घाईत "अनुमती द्या" दाबलेलं असतं, आणि मग दिवसभर "तुमचा फोन हॅक झाला", "लॉटरी लागली" असलं येत राहतं. तसलं आलं की ते नोटिफिकेशन दाबून धरा, तिथंच बंद करायचं मिळतं. नाहीतर क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. कुणाकुणाला हो म्हटलंय त्याची यादी तिथं आहे. ओळखीचं नाव नसेल ते काढा. काकांचे फोन आधी तिथं जाऊन तपासा, नंतर नवीन काय ते लावा.

---

पुण्यातला_पाव्हणा · १५ जून, दुपारी १:४०

मूळ गाव पन्हाळ्याकडं, पोटासाठी पुण्यात कोड लिहितो. थोडं आतलं सांगतो, म्हणजे काय होईल आणि काय होणार नाही ते कळेल.

याला वेब पुश म्हणतात. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये २०१५ पासून आहे. तुम्ही एखाद्या साइटला परवानगी दिलीत की ब्राउझर त्या साइटला तुमच्या फोनचा एक लांबलचक पत्ता देतो. हा तुमचा नंबर नव्हे, ईमेलही नव्हे, त्या साइटपुरता आणि त्या ब्राउझरपुरता पत्ता. साइटला काही सांगायचं असेल तेव्हा ती त्या पत्त्यावर मजकूर टाकते. क्रोमच्या बाबतीत तो गूगलच्या सर्व्हरमार्फत फोनवर येतो. फोनची गूगलशी एक जोडणी कायम चालू असतेच, त्याच वाटेनं. म्हणून क्रोम उघडं नसलं तरी चालतं. साइटनं तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी स्क्रिप्ट, सर्व्हिस वर्कर, जागी होते आणि नोटिफिकेशन दाखवते. मजकूर कुलूपबंद येतो, मधल्या सर्व्हरला वाचता येत नाही. एका वेळी चार केबीच्या आसपासच मावतं, पण आपल्याला "३३ फूट ४ इंच" एवढंच पाहिजे.

गोम अशी की हे साइटनं स्वतः बसवावं लागतं. पातळीच्या पानावर ती सोय नसेल तर तुम्ही कितीही घंटेचं चिन्ह शोधा, मिळणार नाही. मग मध्ये कुणीतरी लागतं, जो ते पान दर पंधरा मिनिटांनी वाचेल आणि तुम्हाला हाक मारेल.

एक सांगा, त्या पानावर आकडा अक्षरात असतो की फोटोत? आकड्यावर बोट दाबून धरल्यावर तो निवडता येतो का बघा.

---

शाडूवाला · १५ जून, रात्री १०:१५

बघितलं. दोन पानं आहेत. एकावर कागदावर टाइप केलेल्या तक्त्याचा फोटो टाकतात, तोही कधीकधी आडवा. दुसऱ्यावर तक्ता आहे, आकडा निवडता येतो, तासाला बदलतो. कधी दोन तासांनी.

दवाखानावाले, मोठ्या काकांच्या फोनवर यादीत चाळीस साइट निघाल्या. ते म्हणाले, "अरे मला वाटलं कंपनीच पाठवते."

---

पुण्यातला_पाव्हणा · १५ जून, रात्री ११:००

मग दुसरं पान चालेल. आता दोन वाटा.

सोपी वाट म्हणजे पान बदललं की ईमेल करणाऱ्या सेवा. पत्ता द्यायचा, पानाचा कुठला भाग बघायचा तो दाखवायचा. जीमेल तुमच्या फोनमध्ये आधीच आहे. त्या मेलना एक लेबल लावा आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये फक्त त्या लेबलला वेगळा आवाज द्या, म्हणजे बाकीच्या जाहिरातींत ते हरवणार नाही. पण फुकटात या सेवा फार वेळा तपासत नाहीत, आणि "बदललं" एवढंच सांगतात. २१ चं २१ फूट १ इंच झालं तरी मेल. आठ दिवसांत तुम्ही तोही म्यूट कराल.

दुसरी वाट मी तुम्हाला करून देतो, दोन तासांचं काम आहे. एनटीएफवाय नावाची एक मुक्त स्रोत सेवा आहे, उच्चार "नोटिफाय". तिचं ॲप आहे, पण ते लागत नाही. क्रोममध्ये तिचं पान उघडायचं, विषयाचं नाव, म्हणजे ज्या नावाखाली आपले निरोप येणार ते, टाकून सदस्य व्हायचं, परवानगी द्यायची. तिच्या सेटिंगमध्ये "बॅकग्राउंड नोटिफिकेशन्स" म्हणून एक खटका आहे, तो चालू करायचा. तो बंद राहिला तर पान उघडं असेपर्यंतच येतं, आणि लोक म्हणतात चालत नाही. मी एक स्क्रिप्ट लिहितो, ती तक्ता वाचेल आणि त्या विषयावर मजकूर टाकेल.

विषयाचं नाव "पंचगंगा" ठेवू नका. तिथं कुलूप नसतं, नाव ज्याला माहीत तो वाचू शकतो आणि लिहूही शकतो. कुणीतरी वात्रट पोरगं रात्री "५० फूट" टाकेल आणि तुम्ही शेड रिकामं कराल. वेडंवाकडं, अंदाज न येणारं नाव ठेवू.

स्क्रिप्ट माझ्या पुण्याच्या सर्व्हरवर चालेल. तुमच्याकडच्या कॉम्प्युटरवर मुद्दाम ठेवत नाही. पुरात पहिली जाते ती लाइट.

मला फक्त कितीला कळवायचं ते सांगा.

---

बावड्यातला · १६ जून, सकाळी ७:३०

आमचं शेत राजाराम बंधाऱ्याच्या अंगाला. तुमचं पुश-बिश चांगलं आहे, करा. पण राजारामचा आकडा म्हणजे आत्ताचं पाणी. उद्याचं पाणी वर असतंय. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सगळ्यांचं मिळून प्रयाग चिखलीला एक होतंय आणि मग खाली येतंय. गगनबावड्याला रात्रभर कोसळला आणि राजारामला सकाळी २८ च असलं, तर २८ बघून झोपू नका.

दुसरं, राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरलं की ते माणसाची वाट न बघता आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. किती दरवाजे उघडले तोही आकडा मागवून घ्या. ते पाणी इथवर यायला तास लागतात, आणि तेच तास तुमचे टेम्पोचे.

बाकी शेजारच्या बांधावर ऊस बुडाला की मी फोन करतो, त्याला नेट लागत नाही.

---

शाडूवाला · १६ जून, दुपारी २:१०

बावडेकर, नंबर पाठवा. मनापासून.

पाव्हणं, बाबांना विचारून आकडे काढले. शेडच्या खांबावर त्यांनी खडूनं नाही, छिन्नीनं खुणा केल्यात. ३० ला पहिली हाक, म्हणजे टेम्पोवाल्याला सांगून ठेवायचं. ३४ ला शाडूच्या मूर्ती हलवायला सुरुवात, एका खेपेला वीस-बावीस बसतात, मध्ये पेंढा घालावा लागतो, घाई केली तर हात मोडतात, गणपतीचे. ३६ नंतर प्रत्येक फुटाला. पाणी उतरताना कळवलं नाही तरी चालेल, उतरतं ते दिसतंच.

आणि राधानगरीचे दरवाजे जमत असतील तर तेही.

एक शंका. नोटिफिकेशन एकदा टिंग करून गप्प बसतं. मी सीझनला दिवसभर राबून झोपलेला असतो, त्या टिंगनं उठणार नाही.

---

मोबाइल_दवाखाना · १६ जून, संध्याकाळी ६:४५

हे माझं काम. अँड्रॉइड ८ पासून क्रोममधल्या प्रत्येक साइटला स्वतःची वेगळी नोटिफिकेशन सेटिंग असते. फोनच्या सेटिंग्ज, ॲप्स, क्रोम, नोटिफिकेशन्स, खाली साइटचं नाव दिसेल. तिथं आवाज बदला. आवाज म्हणजे टिंगच लागते असं नाही, कुठलीही फाइल घेता येते. चाळीस सेकंदांची लावा, चाळीस सेकंद वाजेल. तिथंच "डू नॉट डिस्टर्ब" असतानाही वाजू दे असा पर्याय आहे, तो चालू करा.

मग बॅटरी. स्वस्तातले बरेच फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागं चाललेलं सगळं मारून टाकतात. क्रोमची बॅटरी सेटिंग "निर्बंध नाही" करा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा. आणि सेटिंगमध्ये जाऊन क्रोमला "फोर्स स्टॉप" करू नका. काही लोकांना रोज रात्री ते करायची सवय असते, फोन हलका होतो म्हणून. त्यानंतर क्रोम परत उघडेपर्यंत काही येणार नाही.

आयफोन कुणाकडं असेल तर त्याचं निराळं आहे. आयओएस १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून, वेबसाइटचं नोटिफिकेशन येतं, पण ते पान आधी "ॲड टू होम स्क्रीन" करून तिथल्या चिन्हावरून उघडावं लागतं. नुसत्या सफारीच्या टॅबमध्ये परवानगी विचारतच नाही.

---

कृष्णाकाठ · १७ जून, सकाळी ११:५०

मी सांगलीची. आमच्याकडे आयर्विन पूल, ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या पुढे गेलं आणि आमचा तळमजला गेला.

सगळं वाचलं, छान चाललंय. पण तुम्ही सगळे फोन वाजला तर काय याचाच विचार करताय. न वाजला तर? आमच्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशी टॉवर गेला. फोनवर काहीच येईना, आणि सासूबाई म्हणाल्या, काही आलं नाही म्हणजे पाणी थांबलं असेल. आम्ही एक अख्खी दुपार त्या भरवशावर बसून काढली.

तेव्हा पुण्याच्या दादांना माझं एक सांगणं आहे. पाणी कितीही असू दे, रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला आकडा पाठवाच. १२ फूट असलं तरी. तो आला नाही की समजायचं मधलं काहीतरी तुटलंय, मग फोन करून विचारायचं. शिवाय सरकारी पानावरचा आकडाच तीन-चार तास हलला नाही, तर "पान शिळं आहे" असंही कळवा. मुसळधार पावसात तोच आकडा सहा तास असला तर नदी थांबलेली नसते, भरणारा माणूस अडकलेला असतो.

अजून एक, याला कसली सदस्यता लागत नाही. टॉवरवरून सगळ्या फोनना एकदम जाणारी सरकारी आपत्ती सूचना. २०२३ मध्ये चाचणीला सगळ्यांचे फोन भोंग्यासारखे वाजले होते, आठवत असेल. तिला ना नंबर लागतो ना इंटरनेट. पण त्या दिवशी दचकून पुष्कळांनी ती बंद करून टाकली. फोनच्या सेटिंगमध्ये "वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स" शोधा, बंद असेल तर चालू करा. ती तुमच्या शेडसाठी ३४ ला वाजणार नाही, तिचा उपयोग जीव वाचवण्यापुरता.

---

पुण्यातला_पाव्हणा · १७ जून, रात्री ९:३०

ताई, शंभर टक्के. मी रोज सर्व्हर सांभाळतो, तिथं हेच करतो आणि इथं सुचलं नाही.

टाकलं. सकाळी सहा, रात्री नऊ, ३०, ३४, मग ३६ पासून प्रत्येक फूट. तीन तास आकडा हलला नाही तर "पान शिळं". दरवाज्यांचा आकडा त्याच तक्त्यात शेवटच्या रकान्यात मिळाला, बदलला की येईल. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा पाणी ३४ च्या आसपास घुटमळलं तर दर पंधरा मिनिटांना हाक गेली असती. आता एकदा ३४ ची हाक गेली की पाणी ३३ च्या खाली उतरून परत चढेपर्यंत गप्प.

विषयाचं नाव शाडूवाल्यांना खाजगीत पाठवलंय. आणि एक लक्षात ठेवा, ते पान दोन महिने उघडलंच नाही तर सदस्यता आपोआप संपते. जूनमध्ये लावलं म्हणजे ऑगस्टच्या मध्याला, नेमकं नको तेव्हा. दर रविवारी एकदा उघडून बंद करा.

---

शाडूवाला · २० जुलै, सकाळी १०:४०

कळवायचं राहून गेलं होतं, रंगकाम चालू आहे.

आठ घरांना लावून झालं. आवाज म्हणून मी भावाच्या तालमीतल्या हलगीचं रेकॉर्डिंग लावलं, बरोबर ३८ सेकंद. परवा रात्री पावणेतीनला वाजली. ३० फूट ०२ इंच. आई देव्हाऱ्यापाशी जाऊन उभी राहिली, तिला वाटलं गल्लीत मिरवणूक आली. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं, त्यानं शिव्या दिल्या पण सकाळी शेडपाशी येऊन बसला. पाणी ३२ ला जाऊन थांबलं आणि उतरलं. मूर्ती हलवाव्या लागल्या नाहीत. दरवाजे दोन उघडल्याचं मात्र आकड्याच्या आधी कळलं, त्यावरून बाबांनी खालच्या फळीवरच्या शाडूच्या बावीस मूर्ती वर घेऊन ठेवल्यात. त्या आता खाली घ्यायला तयार नाहीत.

सहाचा आकडा बाबांच्या फोनवर येतो. आठवड्यापूर्वी एकदा आला नाही, तर सहा वाजून चार मिनिटांनी मला उठवलं. पाव्हणं, तुमचा सर्व्हर बंद होता म्हणालात, त्याबद्दल बाबांनी तुम्हाला निरोप दिलाय, तो इथं लिहीत नाही.

धाकट्या काकांच्या फोनवर कालपासून काहीच येत नाही. क्रोम आहे, परवानगी आहे, बॅटरीचं पण बघितलं. दवाखानावाले, आज दुकान किती वाजेपर्यंत आहे? हातातला रंग वाळला की चारनंतर काकांना घेऊन येतो.

---

मोबाइल_दवाखाना · २० जुलै, सकाळी ११:१५

आठपर्यंत आहे. येण्याआधी काकांना विचारा, रात्री झोपताना काय काय बंद करतात.